हात काढल्यावर

आनिक आर्सेनोला त्या मंगळवारी फक्त एक देखणा आलेख काढायचा होता. कुणाचं पितळ उघडं पाडावं असं तिच्या मनातही नव्हतं.

शनिवारी रेजाँ गोद्रो यांचा गौरव होता. या पदार्थविज्ञानवाल्या लोकांत प्राध्यापक निवृत्त झाला की त्याला शाल-श्रीफळ देऊन मोकळं करत नाहीत. त्याचे जुने विद्यार्थी चहूकडून गोळा होतात, त्याला पहिल्या रांगेत बसवतात आणि दिवसभर व्याख्यानांचा मारा करतात. माणसानं आयुष्यभर इतरांना जे ऐकवलं त्याची ही परतफेडच म्हणायची. शेवटचं व्याख्यान आनिकचं होतं, कारण रेजाँ तीस वर्षं जे म्हणत आले होते ते खरं असल्याचा पुरावा तिच्याकडे होता.

ते म्हणत काय आले होते? सांगायला सोपं आहे, तेच तर दुखणं. एक बुद्धिबळाचा पट घ्या, हवा तेवढा मोठा. घराघरात इलेक्ट्रॉन बसवा. एका घरात जास्तीत जास्त दोन. इलेक्ट्रॉन शेजारच्या घरात उडी मारू शकतो, पण दोघं एकाच घरात आले की जबर दंड. झालं, संपलं मॉडेल. नियम शाळकरी पोराला कळतील, आणि पुढं काय होतं ते साठ वर्षांत भल्याभल्यांना सांगता आलेलं नाही. कारण यातला प्रत्येक जण बाकी सगळ्यांकडे बघून पाऊल टाकतो, एकाचा हिशेब दुसऱ्यापासून सुटाच होत नाही. आता, तांब्याच्या काही संयुगांत इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि वीज कसल्याही अडथळ्याविना वाहते. ती जादू या दोन नियमांतूनच निघते, वरून काही घालावं लागत नाही, असं रेजाँचं म्हणणं. अर्धी दुनिया त्यांच्या बाजूची, अर्धी विरुद्ध, आणि दोन्ही अर्ध्या सारख्याच हट्टी.

अख्खा पट कुठल्याच संगणकात मावत नाही. म्हणून सहा घरं रुंदीची लांब पट्टी घ्यायची, तिची नळी करायची आणि तिच्यात जोड्या जमतात का ते पाहायचं. आपण होऊन त्या लवकर जमत नाहीत, तेव्हा सुरुवातीला बाहेरून जरा आधार द्यायचा. पोराला सायकल शिकवताना आपण मागून सीट धरून पळतो, तसा. मग आधार काढायचा. पोर पुढं गेलं तर त्याला येतं, पडलं तर येत नाही. रेजाँच्या गटात या आधाराला 'हात' म्हणत. जगात कुणीही, कुठंही व्याख्यान देवो, शेवटी पहिल्या रांगेतून रेजाँचा एकच प्रश्न यायचा: "आणि हात काढल्यावर?" त्या प्रश्नानं किती तरण्याबांड लोकांची बोबडी वळली असेल, मोजदाद नाही. आनिकचीही वळली होती, इथं आल्याच्या पहिल्याच वर्षी. ती हात काढायला साफ विसरली होती आणि रेजाँनी तिला चाळीस माणसांसमोर उभी सोलली होती. त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून काम करायची. प्रत्येक गणितात, शेवटच्या फेरीला, हाताच्या जागी शून्य लिहिलंय की नाही ते ती तीनतीनदा बघायची.

आणि शून्य लिहूनही जोड्या टिकत होत्या. तोच तिचा आलेख. हात जोराचा असो, हलका असो की नसो, जोड्या आहेतच.

आनिक चौतीस वर्षांची. गास्पेच्या किनाऱ्यावरच्या खेड्यात वाढलेली, बाप खेकड्यांच्या बोटीवर. सेंत-ओर्तांसच्या या विद्यापीठातली तिची नोकरी तात्पुरती, तिच्या आधीचीही तात्पुरती आणि तिच्याही आधीची तात्पुरती. आई फोनवर दरवेळी विचारायची, "तुझं ते शिकणं संपलं का गं?" तर संपायची वेळ आता आली होती. नोव्हा स्कोशियात एक कायमची जागा निघाली होती. तिथला विभागप्रमुख इवन मॅकायझॅक, हा रेजाँचाच सगळ्यात जुना विद्यार्थी. तो मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला होता, "तू शनिवारी तो आलेख दाखव. सोमवारी मी समितीपुढं तुझं नाव ठेवतो. बाकी सगळे सोपस्कार." म्हणजे तीन वर्षांचं काम, ती नोकरी, आईचं उत्तर, सगळं त्या एका रेघेला टांगलेलं.

रेघ मात्र जरा विरळ दिसत होती. हाताचे मोठे आकडे होते, मग एकदम शून्य, मधे काहीच नाही. एवढ्या मानाच्या दिवशी असं दात पडल्यासारखं चित्र काय दाखवायचं? म्हणून तिनं मंगळवारी मधले बारीक आकडे घालून गणितं लावली. एक शतांश, त्याच्या निम्मं, त्याचा दशांश. कमी लांबीच्या छोट्या नळीवर लावली, लगेच उत्तरं आली.

एक शतांशाला जोड्या ठीक होत्या. निम्म्याला कमी झाल्या. दशांशाला अगदीच थोड्या उरल्या. त्याखाली तर जवळजवळ नाहीच. आणि बरोबर शून्यावर रेघ टुणकन उडी मारून परत वर.

आनिक पडद्याकडं बघत राहिली. हात सैल करत नेला तर पोर पडतंय, आणि पूर्ण सोडला की सरळ पळतंय? असं कुठं असतं? "काय मूर्खपणा आहे!" ती मोठ्यानं म्हणाली. तिनं गणितं पुन्हा लावली. तेच आलं. मग तिनं शून्याचं उत्तर आणि एक शतांशाचं उत्तर शेजारी शेजारी ठेवलं. शेवटच्या आकड्यापर्यंत एकसारखी, जुळी भावंडं.

गटातले सगळे जी आज्ञावली वापरत तिचं नाव बाबेत. रेजाँची त्या काळची मांजर. मांजर कधीच गेली, बाबेत तीस वर्षं चाललीय. आल्यागेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं तिचं काही ना काही बदललं होतं, काळीज नवं, फुप्फुसं नवी. आकडे वाचून घेणारा सुरुवातीचा चिमुकला भाग तेवढा कुणी उघडला नव्हता. चालतंय ना, मग कशाला छेडा. आनिकनं तो उघडला. सगळा मिळून पानभर, आणि मध्ये एक ओळ: हाताचा आकडा शून्य असेल तर एक शतांश धर. शेजारी रेजाँची टीप: "इवनसाठी. लिहायला विसरतो."

तिला सगळं एका क्षणात कळलं आणि कळल्याचा संताप आला. मॅकायझॅक हा आकडा लिहायलाच विसरायचा. रिकामी जागा बाबेत शून्य म्हणून वाचायची, जोड्या जमायच्या नाहीत आणि यंत्राचे आठवडे फुकट जायचे. म्हणून रेजाँनी ही सोय करून ठेवली. त्यानंतर कुणी मुद्दाम, विचार करून, तीनतीनदा तपासून शून्य लिहिलं तरी बाबेतला वाटायचं, विसरला वाटतं बिचारा. आणि ती गुपचूप हात पुन्हा ठेवायची. आनिकच्या गणितात ठेवला. मॅकायझॅकच्या प्रबंधात ठेवला. रेजाँचं नाव ज्याच्यावर उभं होतं त्या लेखातही ठेवला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बुधवारी सकाळी ती रेजाँच्या खोलीत गेली. खोलीत खोकीच खोकी. रेजाँ खुर्चीवर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं काढत होते. गटात सगळे त्यांना अरे-तुरे करत, आनिकला मात्र ते कधी जमलं नाही, आईची शिकवण.

"ये ये. हे धर," त्यांनी तिच्या हातात एक गठ्ठा दिला. "फेकायचंय. नको, थांब, ठेव."

"रेजाँ, खाली उतरा जरा."

"का? चढलोय तर उरकू दे. उद्या गुडघे ऐकणार नाहीत."

"उतरा. बाबेतमध्ये चूक आहे."

"बाबेतमध्ये चूक नसते. वापरणाऱ्यात असते." पण ते उतरले. तिनं आलेख समोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि क्षणभर बघून हसले. "चुकीचा रकाना काढलायस पोरी. होतं असं."

"नाही काढला."

"मग गणित पुरतं मुरलेलं नाही. अजून फेऱ्या दे."

"दिल्या. रेजाँ, शून्य लिहिलं की ती एक शतांश धरते. तुमचीच ओळ आहे. इवनसाठी घातलेली."

ते खोक्यावर बसले. त्यांचा चेहरा एखादं हरवलेलं नाव आठवावं तसा झाला, आणि मग आठवल्यासारखा झाला.

"तो गाढव," ते हळूच म्हणाले. "दर आठवड्याला यायचा. म्हणायचा, रेजाँ, काहीच होत नाहीये. आकडाच लिहिलेला नसायचा. माझी एक ओळ, त्याचं रडगाणं बंद." त्यांनी आलेख उलटा करून मांडीवर ठेवला. "मी ती काढणार होतो. तो गेला की काढायची, असं ठरवलं होतं."

"आता शनिवारचं काय करायचं?"

"शनिवारचं काय? शनिवारी ठरलंय ते दाखव. सोमवारी चूक झाली म्हणून कळवू सगळ्यांना, रीतसर, लेखी."

"म्हणजे खोटं आहे हे माहीत असून दाखवू?"

"ओदेत येतेय गं शनिवारी," रेजाँ म्हणाले. ओदेत त्यांची बायको. "चाळीस वर्षांत माझ्या एका व्याख्यानाला आली नाही. म्हणते, तुमच्या त्या घरांत आणि उड्यांत मला काय कळणार. शनिवारी येतेय, नातवंडांना घेऊन. एक दिवस, आनिक. एक दिवस मागतोय. आणि तुझी नोकरी? इवनला काय दाखवशील? हे? उडी मारणारी रेघ?"

तीच तर बोच होती. हा विचार रात्री तिच्याही मनात येऊन बसला होता, आणि तो आपला नाही, रेजाँचा आहे, असं म्हणायची सोय आत्ता कुठं झाली होती. म्हणून ती जास्तच भडकली.

"मला चाळीस माणसांसमोर विचारलंत ना? हात काढल्यावर, हात काढल्यावर! मी प्रसाधनगृहात जाऊन रडले होते. तेव्हा एक दिवस कुठं होता?"

"तेव्हा तू विसरली होतीस."

"आणि तुम्ही?"

रेजाँनी तिच्या हातातला गठ्ठा काढून घेतला आणि खोक्यात आपटला. "जा," ते म्हणाले. "काम करू दे मला." तिनंही जाताना दार आपटलं.

ती ओळ पुसून तिनं मोठ्या नळीचं गणित पुन्हा लावलं. न जाणो, छोट्या नळीत पडतंय ते मोठीत टिकेल. सामायिक यंत्रावर हवामानवाल्यांची रांग. हिवाळा संपत आला तरी यांचं बर्फ संपत नाही, असं पुटपुटत तिनं गुरुवार घालवला. रेजाँ व्हरांड्यात समोरून आले आणि पाण्याच्या नळाकडं वळले. शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. जोड्या विरल्या होत्या. मोठ्या नळीत जरा सावकाश, पण विरल्या होत्या. आनिकनं लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. आकडे तेच. तीन वर्षं! तिला टेबल उलथून टाकावंसं वाटलं, पण टेबल भिंतीला पक्कं केलेलं होतं.

शनिवारी सभागृह भरलं. दुसऱ्या रांगेत ओदेत, निळ्या कोटात, दोन्ही बाजूंना एकेक नातू. मॅकायझॅकनं सकाळची सुरुवात केली. माणूस गोल, आनंदी, आवाज फळकुटावर हातोडी मारल्यासारखा. "रेजाँकडं मी पाच वर्षं होतो," तो म्हणाला, "आणि त्यानं मला एकच वाक्य शिकवलं. कुठलं?" सगळं सभागृह एका सुरात ओरडलं, "आणि हात काढल्यावर?" नातवंडं खिदळली. ओदेतनं रेजाँच्या खांद्यावर मागून टिचकी मारली. रेजाँ हसले, पण मागं वळले नाहीत.

आनिकनं दोन आलेख बरोबर आणले होते. एक जुना, एक उडी मारणारा. खोटं कशाला बोलायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचं मन जुन्याकडं ओढ घेत होतं. सोमवार तर दोन दिवसांवर. कुणाचं काय बिघडणार होतं? मॅकायझॅक सूपचा वाडगा घेऊन तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "आमच्याकडं समुद्र आहे, तुला आवडेल. फक्त तेवढा आलेख झोकात दाखव." तिनं आपलं ताट बाजूला सारलं.

तिची पाळी आली. ती उभी राहिली आणि पहिल्या रांगेत रेजाँ हातांची घडी घालून बसलेले दिसले, नेहमीसारखेच, मान जरा कलती. गेली तीन वर्षं ती याच माणसाला उत्तर देता यावं म्हणून शून्य तपासत आली होती. आता त्यांच्या तोंडावर खोटं शून्य दाखवायचं, आणि त्यांनी गप्प बसायचं. ते नुसतं डोळ्यांपुढं आलं आणि तिला शिसारी आली.

"हा तो आलेख," ती म्हणाली. "हा चुकीचा आहे." आणि तिनं दुसरा लावला.

तिनं सगळं सांगितलं. उडी, जुळे आकडे, ती ओळ. मोठ्या नळीचं कालचं उत्तर. आवाज कापत होता, त्याचा तिला राग येत होता. मागं कुणीतरी खोकलं. इथं बसलेल्या निम्म्या लोकांचे प्रबंध बाबेतवर झाले होते आणि प्रत्येक जण मनात आपली पानं उलटत होता.

"एक मिनिट," मॅकायझॅक म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "म्हणजे माझ्या प्रबंधातलं पण?"

"तुमच्यापासूनच."

"आणि ती ओळ कुणी घातली?"

आनिकनं रेजाँकडं पाहिलं. त्यांची नजर पायांकडं होती. "ते महत्त्वाचं नाही," ती म्हणाली. "कशाला घातली ते लिहिलंय. कुणीतरी आकडा लिहायला विसरायचा."

मॅकायझॅक लाल झाला. एरवी अशा वेळी सभागृह हसून हसून मेलं असतं. अध्यक्षांनी विचारलं, कुणाचे प्रश्न? एकही हात वर झाला नाही. सगळे पहिल्या रांगेकडं बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते.

मग रेजाँनी हात वर केला. उठायला त्यांना वेळ लागला, खुर्चीची पाठ धरावी लागली.

"आणि हात काढल्यावर?" त्यांनी विचारलं. नेहमीच्याच आवाजात, पहिल्यांदाच भेटलेल्या वक्त्याला विचारावं तसं.

आनिकला वाटलं, हे आत्ताच तर सांगितलं. मग तिला कळलं, उत्तर त्यांना सगळ्यांसमोर, आपल्याच प्रश्नाला हवं होतं.

"टिकत नाही," ती म्हणाली. "सहा घरांच्या नळीत तरी जोड्या टिकत नाहीत."

"खात्री आहे?"

"आहे."

"ठीक," रेजाँ म्हणाले आणि खाली बसले.

संध्याकाळची जेवणं गावाबाहेरच्या साखरघरात, म्हणजे मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करतात तिथं होती. लांब बाकं, वाटाण्याचं सूप, पाकात बुडवलेलं हॅम, कोपऱ्यात कुणीतरी गावठी व्हायोलिन वाजवतंय. मॅकायझॅक आनिकला कोट अडकवायच्या जागी भेटला. "धीट आहेस," तो म्हणाला. "मी नसतं केलं." तो जरा चुळबुळला. "पण समितीला आता काय सांगू? हिनं आमच्या सगळ्यांचं काम चुकीचं ठरवलं, हिला घ्या? यंदा नाही जमणार गं. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी कुठं असेन ते मला माहीत नाही."

"मलाही वाईट वाटतंय."

"वाटू दे," आनिक म्हणाली आणि बाहेर आली. थोबाडीत द्यायची राहिली एवढंच.

बाहेर लाकडी पन्हळीत बर्फ भरून ठेवलं होतं आणि एक बाई त्याच्यावर उकळता पाक रेघेरेघेनं ओतत होती. गोठला की काडीला गुंडाळून खायचा. ओदेत आणि पोरं तिथंच होती. रेजाँ थोडे बाजूला, ओंडक्यावर. आनिकला पाहून ते सरकले. तिला बसायचं नव्हतं, पण ती बसली.

"ओदेत विचारत होती," रेजाँ म्हणाले, "शेवटच्या मुलीला सगळ्यांनी एवढं गप्प होऊन का ऐकलं. मी म्हटलं, चांगलं बोलली म्हणून."

आनिकनं बुटाच्या टोकानं बर्फ उकरलं.

"इवन काय म्हणाला?"

"पुढच्या वर्षी."

"गाढव." त्यांनी हातातल्या काडीकडं पाहिलं. पाक ओघळून हातमोज्यावर आला होता. "मी चौतीस वर्षांचा असताना ती ओळ घातली. तुझ्याएवढा. तेव्हा एकदा जरी शून्य खरं शून्य असतं ना, तर मी हा नाद सोडला असता. ध्वनीवर काम करायचं होतं मला. फार आवडायचं. पण इथं टिकत होतं सगळं, मग कोण सोडतो? मीच मागून सीट धरून पळत होतो आणि म्हणत होतो, बघा, एकटा चालवतोय." त्यांनी हातमोजा बर्फावर पुसला. "तुझी तीनच वर्षं गेली."

"तीन वर्षं काय कमी असतात?" आनिक कडाडली. तिकडं पोरांनी वळून पाहिलं.

"नाही," रेजाँ म्हणाले. "कमी नसतात."

त्यांनी पन्हळीकडं जाऊन एक नवी काडी बर्फावर फिरवली आणि आणून तिला दिली. तिनं ती घेतली. पाक दातांना चिकटला, आणि बराच वेळ दोघांनाही बोलता आलं नाही.